हबेस आणि आरिया

पत्ते मला लहानपणापासून येत होते, आणि अडचण तिथेच झाली. ज्याला काहीच येत नाही त्याला शिकवणं सोपं. ज्याला अर्धं येतं आणि वाटतं की पुरं येतं, त्याच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही. मी मराठी तिसरी शिकलेला माणूस. पण तीनपत्तीत आमच्या वाडीत माझा हात धरणारा कोणी नव्हता. मी पानं उचलून बघायचोच नाही. आंधळा खेळायचो, चालीवर चाल लावायचो, समोरचा घाबरून पानं टाकेपर्यंत. पानं बघून खेळणारा भित्रा आणि न बघता खेळणारा मर्द, अशी आमच्याकडची समजूत. पानं टाकणं म्हणजे तर शरमेची गोष्ट.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. माहुलला खाडीच्या कडेला तेल शुद्ध करायचा मोठा कारखाना उभा राहत होता. एका बाजूला कोळ्यांची होडकी नि सुकत घातलेले बोंबील, दुसऱ्या बाजूला आमच्या क्रेना. मी घाटकोपरला चाळीत राहायचो, चेंबूरपर्यंत बसने आणि पुढे कंपनीच्या ट्रकमधून कामावर जायचो. सुरुवातीला काँक्रीटवर घमेली उचलली. दीड वर्ष. मग खलाशांच्या टोळीत शिरलो. हे खलाशी बोटीवरचे नव्हेत. अवजड सामान दोरखंडाने, चेनपुलीने, क्रेनने उचलून जागेवर बसवणाऱ्यांना आम्ही खलाशी म्हणतो. टोळी बहुतेक रत्नागिरीकडची. आमचे मुकादम म्हातारे, आधी खरोखरच बोटीवर काम केलेले, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनीच बोटीवरचे दोन शब्द जमिनीवर आणले होते. हबेस म्हणजे उचल. आरिया म्हणजे खाली सोड. टोळीतला माणूस जेवताना पाण्याचा तांब्या मागायचा तरी म्हणायचा, "तांब्या हबेस कर रे."

आमच्यावरचा साहेब गोरा होता, अमेरिकेतल्या तेलाच्या विहिरींकडचा. मान भाजून लाल झालेली, हात माझ्या मांडीएवढे. त्याला आमच्या भाषेतले हेच दोन शब्द यायचे, आणि दोन शब्दांत तो सगळा दिवस काढायचा. बाकीचं क्रेन चालवणारा गोवेकर सांगायचा. गोवेकराला इंग्रजी यायचं, मराठी त्याची तो मनाला येईल तशी बोलायचा, आणि त्याला वाटायचं की मधला निरोप्या म्हणजे साहेबापेक्षा थोडासाच लहान.

दुपारचा भोंगा झाला की पत्र्याच्या शेडमध्ये साहेब एका खोक्यावर ताडपत्रीचा तुकडा पसरायचा आणि पत्ते वाटायचा. पैशावर नाही. पैशाचा खेळ कळला तर कंपनीने त्यालाही परतीच्या बोटीत बसवला असता. आम्ही वायसरवर, म्हणजे बोल्टाखाली घालायच्या लोखंडी चकत्यांवर, खेळायचो. सकाळी स्टोअरच्या डब्यातून प्रत्येकाला वीस वायसर, संध्याकाळी सगळे परत डब्यात.

त्या खेळाला तो स्टड म्हणायचा. पाच पानं. पहिलं पान पालथं, ज्याचं त्यानेच बघायचं. पुढची चार उताणी, एकेक करून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. प्रत्येक पानानंतर चाल. म्हणजे तुमची चार पानं जगाला दिसतात आणि एकच झाकलेलं असतं. पहिल्या दिवशी गोवेकराने आम्हाला समजावलं. दोन जोड्या म्हणजे काय, तीन आणि दोन मिळून काय, चार सारखी आली तर काय. एवढं सांगून त्याने हात झटकले. "बाकी सगळं आपल्या तीनपत्तीसारखंच, मॅन. डोकं नको खाऊ."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं. पुढे का ते कळेल.

चाल वाढवायची तर साहेब म्हणायचा, "हबेस!" पानं टाकायची तर हात पालथा करून खाली सोडायचा, क्रेनला खूण करतात तसा, आणि म्हणायचा, "आरिया." मला सुरुवातीला त्याचं हसू यायचं. एवढा दांडगा माणूस, आणि दहापैकी सात डाव आरिया! दोन पानं बघितली की टाकली. पुढच्या डावातही टाकली. मी मात्र शेवटच्या पानापर्यंत बसायचो. भोंगा परत व्हायच्या आत माझे वीसच्या वीस वायसर त्याच्यापुढे गेलेले असायचे.

असं तीन आठवडे चाललं. टोळीतले हसायचे. "आला रे आला, वायसरवाला आला!" मी कोणाशी बोलत नसे. मला कोणी शिकवलेलं आवडत नाही, आजही नाही. पण हरलेलं त्याहून आवडत नाही.

शेवटी साहेबानेच एक दिवस माझं मनगट धरलं. मी वायसर पुढे सरकवत होतो. त्याने माझी उताणी पानं दाखवली, मग स्वतःची दाखवली. त्याच्यापुढे दोन राण्या उघड्या पडल्या होत्या. माझ्याकडे एकही जोडी नव्हती, झाकलेली पंजी धरूनही. तो काहीतरी बोलला.

गोवेकर म्हणाला, "साहेब विचारतो, ताटात मेलेली माशी दिसते तरी तू जेवतो का?"

"पुढचं पान चांगलं येईल."

"तो म्हणतो, येईल. दहा दिवसांत एक दिवस. नऊ दिवस तू माशी खाणार."

मग पुढे रोज थोडं थोडं शिकवत गेला. पहिल्या दोन पानांत जोडी नसेल, आणि समोरच्यांच्या उघड्या पानांपेक्षा मोठं काही नसेल, तर तिथेच टाकायचं, पाचव्या पानाची वाट बघायची नाही. कोणी टाकलं तर त्याची कुठली पानं गेली ती डोक्यात ठेवायची. गेलेली पानं मेली, ती आता कोणाला मिळणार नाहीत. तुला अठ्ठी हवी आहे आणि दोन अठ्ठ्या मेल्यात, तर कशावर बसलायस? आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसू नकोस, त्याच्या पानांकडे बघ. तोंड खोटं बोलतं.

मेलेली पानं लक्षात ठेवणं मला जमलं. अक्षरओळख कमी असली की माणसाची आठवण पक्की होते. कुठल्या पेटीत कुठल्या मापाचे बोल्ट, हे मी न लिहिता सांगायचो. पण टाकणं जमेना. पान हातात आलं की माझी बोटं मिटायची.

घरी मी बायकोला पुढ्यात बसवून वाटायला लावायचो. ती तांदूळ निवडत असायची.

"परत पत्ते घेवन बसलात? ह्या पत्त्यांनी पॉट भरतला?"

"वाट गं तू."

ती वाटायची, स्वतःची पानं बघायची, आणि पटकन टाकायची. पुन्हा वाटायची, पुन्हा टाकायची. आणि पाचव्या-सहाव्या डावात पानं धरायची, तो डाव जिंकायची. वायसरऐवजी आम्ही चिंचोके लावायचो; दोन रविवारांत तिने माझे सगळे जिंकून घेतले. मी वैतागून विचारलं, "एवढ्या पटकन टाकतेस कशी? मनाला काही वाटत नाही?"

तिने सुपातून एक खडा उचलला आणि दाराबाहेर फेकला. "खडो दिसलो काय टाकूचो. तेच्यात काय इचार करूचो?"

त्यानंतर मी टाकायला शिकलो. अगदी मनापासून नाही, पण शिकलो. संध्याकाळी माझ्यापुढे दहा-बारा वायसर शिल्लक राहू लागले. एकदा चोवीस राहिले. साहेबाने मला बघून नुसती भुवई वर केली, आणि तो दिवस मला पगाराच्या दिवसापेक्षा मोठा वाटला.

आता खरी गोष्ट.

कारखान्यातला सगळ्यात मोठा टॉवर उभा करायचा राहिला होता. पाच मजल्यांएवढं लोखंडी नळकांडं, आडवं पडलेलं. तो उभा झाला की टोळीचं काम संपणार. बहुतेकांना घरी पाठवणार होते, चार-पाच जण कायमचे ठेवणार होते, आणि ते कोण हे साहेब ठरवणार होता. मला त्यात राहायचं होतं. चाळीतली खोली कशीबशी मिळाली होती, बायकोला सहावा महिना होता, आणि गावी जाऊन भावाच्या शेतात राबायची माझी तयारी नव्हती. टॉवर उचलताना क्रेनला खुणा देणारा एकच माणूस असतो. त्याच्या गळ्यात शिट्टी. क्रेनवाला फक्त त्याच्याच हाताकडे बघतो. ज्याच्या गळ्यात ती शिट्टी, तो कायम झाला असं सगळे धरून चालले होते. मला वाटत होतं, मीच. लहानमोठ्या वीसेक उचलींना मी खुणा दिल्या होत्या.

सोमवारी सकाळी चाचांनी मला बाजूला घेतलं. "साहेब गोदीतून माणूस आणतोय. शिट्टीला."

"का? मी मेलोय?"

"त्याला इंग्रजी आकडे वाचता येतात. वाऱ्याचा काटा वाचता येतो. तू आपला दोरीवर राहा पोरा, उगाच तोंड टाकू नकोस."

मी तोंड टाकलं नाही. पण त्या दुपारी पत्त्याला बसलो तो राग डोक्यात घेऊनच.

आम्ही पाच जण होतो. मला झाकलेली आली किलवर दश्शी, उघडी आली इस्पिक नव्वी. साहेबापुढे बदाम राजा. शिकवल्याप्रमाणे ही पानं टाकायची होती, दोन्ही राजापेक्षा लहान, जोडी नाही. शनिवार असता तर टाकली असती. त्या दिवशी मला वाटलं, साहेब मला जन्मभर खालीच सोडायला सांगणार. नाही टाकत जा.

पुढचं पान मला गुलाम. साहेबाला बदाम छक्की. दोघांनी टाकलं, त्यांच्या उघड्या पानांत एक दश्शी मेली. मग मला अठ्ठी. साहेबाला बदाम तिर्री. तिसऱ्यानेही टाकलं, त्याचीही दश्शी उघडी होती. दोन मेल्या, एक माझ्याकडे झाकलेली. राहिलो आम्ही दोघे.

शेवटचं पान. मला राणी. म्हणजे अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी. ओळीने पाच, अख्खी रन! पण लोकांना दिसत होती फक्त अठ्ठी, नव्वी, गुलाम, राणी, मधलं दार बंद. साहेबाला पडला बदाम एक्का. त्याच्यापुढे चार बदाम ओळीने लाल. झाकलेलं पाचवं बदाम असलं तर कलर.

शेडमध्ये कोणी डबा वाजवत होतं, तेही थांबलं.

साहेबाने पाच वायसर पुढे ढकलले. मी म्हटलं, "हबेस." आणखी पाच. चाचांनी घसा खाकरला. साहेबाने माझ्याकडे रोखून बघितलं. तोंडाकडे बघू नये हे त्यानेच शिकवलेलं, पण तो माझ्या तोंडाकडेच बघत होता. मग म्हणाला, "हबेस," आणि दहा लावले.

माझ्याकडे दोनच राहिले होते.

मी ते दोन ठेवले आणि गोवेकराला म्हटलं, "साहेबाला सांग, वायसर संपले. मी माझी जागा लावतो. हरलो तर उद्या सकाळी परत घमेली उचलायला जाईन, खलाशीपणाचं नाव काढणार नाही. जिंकलो तर टॉवरची शिट्टी माझी."

"येडा झाला काय तू? पानं बघ समोर!"

"सांग."

"अरे मॅन, घरी बाई पोटुशी आहे ना तुझी?"

"तू सांगतोस की मी खुणेने सांगू?"

त्याने सांगितलं. चाचा म्हणाले, "अल्ला! माणसांच्या जिवाच्या कामाचा फैसला असा करतात?" साहेबाने त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्या चार पानांवर नजर फिरवली, मेलेल्या दोन दश्श्यांवर फिरवली. मग गळ्यातली शिट्टी काढली आणि वायसरच्या ढिगावर ठेवली. पितळेची, काळ्या दोरीची.

मी निर्धास्त होतो. मी दश्शी उलटी केली. साहेबाने आपलं पान बोटाने दाबून धरलं होतं, जरा वेळाने उलटलं. चौकट राजा. दोन राजांची जोडी, बस्स. बदाम नव्हतंच.

ओरडा झाला. कोणी पाठीवर थाप मारली, कोणी शिट्टी उचलून माझ्या गळ्यात घातली. साहेब उठला, टोपी घातली, आणि मला हाताने नुसतं 'कामाला चल' असं खुणावून निघून गेला.

भोंगा झाल्यावर क्रेनकडे जाताना गोवेकर माझ्या कानाशी आला. "बाप रे, काय छाती तुझी! समोर चार बदाम आणि तू हबेस, हबेस. तुला कसं कळलं त्याच्याकडे कलर नाही?"

"असता तरी काय? रनपुढे कलर काय करणार?"

तो थांबला. "काय म्हणतो?"

"रन मोठी. कलर खाली."

"तीनपत्तीत रे बाबा! ह्या खेळात कलर मोठा. रन त्याच्या खाली. तुला हे ठाऊक नव्हतं?"

"तूच म्हणालास, बाकी सगळं तीनपत्तीसारखं."

त्याने कपाळावर हात मारला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "कोणाला बोलू नको. बदाम असता तर तुझी वाट लागली होती."

मी लोखंडाच्या ढिगावर बसलो. ज्या चालीला सगळी टोळी छाती म्हणत होती, ती अडाणीपणाची चाल होती. मला खेळ ठाऊक असता तर मी पानं टाकली असती, आणि टाकायलाच हवी होती. शिट्टी माझ्या गळ्यात होती, पण ती गोदीतल्या माणसाला शोभली असती की मला, हे आता मलाच सांगता येईना.

जाऊन साहेबाला सांगावं असं वाटलं. नाही सांगितलं. माझा स्वभाव. त्यात जागा कायम होण्याची गोष्ट. चार दिवस मी शिट्टी शर्टाच्या आत घालून फिरलो. बायको म्हणायची, "जेवणाक काय झाला? घास तोंडात तसोच ऱ्हवता." मी म्हणायचो, काही नाही. शुक्रवारी संध्याकाळी चाचा जवळ येऊन बसले, बिडी पेटवली आणि एवढंच म्हणाले, "शिट्टी जिंकलीस. उद्या खाली उभी राहणारी माणसं माझी आहेत."

शनिवारी सकाळी उचल. लांबवर छत्र्या लावून मोठे साहेब लोक खुर्च्यांवर बसले होते. वारा खाडीकडून, फार नाही. गोवेकर क्रेनवर, टोळी दोरांवर, आमचा साहेब माझ्यापासून वीस पावलांवर, हात मागे. टॉवरच्या वरच्या टोकाला वायररोपचा फास घातला होता आणि लोखंडाला वायर चावू नये म्हणून मध्ये लाकडी फळ्या बसवल्या होत्या.

मी शिट्टी फुंकली, बोट वर करून गोल फिरवलं. हबेस. वायर ताणली, तंबोऱ्यासारखी वाजली. टॉवरचं डोकं जमिनीवरून सुटलं. वीतभर. हातभर. पुरुषभर. हळूहळू तो तिरका होत गेला. चाचा दोरांवरून ओरडत होते, "ढील दे, ढील दे, धर!" अर्ध्यावर आला तेव्हा त्याची सावली माझ्या अंगावरून सरकून गेली.

तेव्हा मला दिसलं. म्हणजे दिसलं असं वाटलं. फासाखालची एक फळी बोटभर बाहेर आली होती. ऊन तिथेच होतं, डोळ्यांत पाणी होतं. फळी तशी आधीपासून असेल. ताण आला की लाकूड हलतंच. वर जायला आणखी दहा मिनिटं, मग काम फत्ते, मी कायम. आणि थांबवलं तर? सगळा टॉवर खाली घ्यायचा, मोठ्या साहेबांसमोर आमच्या साहेबाची अब्रू, अर्धा दिवस गेला, आणि सगळे म्हणणार, घाबरला. पत्त्यात वाघ, कामात शेळी.

माझं बोट वर फिरतच होतं. फळी अजून थोडी हलली का? नाही हलली. हलली. मी फळीकडे बघत होतो आणि मला बायकोचा हात दिसत होता, सुपावरचा, खडा उचलणारा.

मी हात पालथा केला. आरिया.

क्रेन थांबली. गोवेकराने खाली बघितलं, माझ्याकडे, मग साहेबाकडे. साहेब ओरडला, "हबेस! हबेस!" मी लांब शिट्टी फुंकली, छातीतली सगळी हवा काढून, आणि पुन्हा हात पालथा केला. आरिया. साहेब पुन्हा ओरडला. मी त्याच्याकडे पाठ केली. क्रेनवाल्याने कोणाचं ऐकायचं हे ठरलेलं होतं. गोवेकराने एकदा छातीवर क्रूसाची खूण केली आणि टॉवर खाली सोडायला लागला.

खाली यायला वर जाण्यापेक्षा दुप्पट वेळ लागला, किंवा मला तसं वाटलं. टॉवर ओंडक्यांवर टेकला तसा साहेब तरातरा गेला, फासाखाली वाकला. मी मागोमाग गेलो. ती फळी बोटभर बाहेर होती. तिला उभी चीर गेली होती. साहेबाने चिरेवर अंगठा फिरवला. चाचांनी बघितलं. सुताराने बघितलं आणि म्हणाला, "चीर जुनी पण असेल. लाकडाला असतेच चीर." तुटली असती की तशीच धरून राहिली असती, हे त्यांच्यातल्या एकालाही सांगता येईना.

साहेब माझ्यापुढे येऊन उभा राहिला. तोंड टोमॅटोसारखं. मोठे साहेब लोक खुर्च्यांवरून उठत होते. तो बोलला, सावकाश, दात आवळून.

गोवेकर माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब विचारतो, त्या दिवशी समोर चार बदाम होते तर तू घाबरला नाही. आज एका फळीला घाबरला?"

इथे मी गप्प बसलो असतो तर कोणाचं काही बिघडलं नसतं. फळीला चीर होती. पण त्या माणसाने मला घाबरट म्हटलं होतं, आणि त्या दिवशीच्या छातीचा दाखला दिला होता, जी छाती माझी नव्हतीच.

"सांग त्याला," मी म्हटलं, "त्या दिवशी मला कलर मोठा हे ठाऊक नव्हतं. आज वायर तुटली तर काय होतं ते ठाऊक आहे."

"हे सांगू? खरंच?"

"शब्दाला शब्द सांग."

त्याने सांगितलं. साहेबाला पहिल्यांदा कळलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, गोवेकराने पुन्हा सांगितलं, हाताने पानं दाखवून. मी गळ्यातली शिट्टी काढली आणि साहेबाच्या हातावर ठेवली. त्याने मागायच्या आधी दिलेली बरी. त्याने ती मुठीत धरली आणि मोठ्या साहेबांकडे गेला. काय बोलला ते कळलं नाही.

दुसरा दिवस रविवार, तरी सगळ्यांना बोलावलं. फळ्या नव्या, सागाच्या. शिट्टी साहेबाच्याच गळ्यात, तोच खुणा देत होता. मी दोरावर, चाचांच्या मागे. माझा निकाल लागला असं मी समजून चाललो होतो. टॉवर उठला, उभा राहिला, पायाच्या बोल्टांवर बसला. कुठे खुट्ट झालं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

साहेब आमच्याजवळून जाताना थांबला. शिट्टी काढली आणि पान फेकावं तशी माझ्याकडे फेकली. ती माझ्या छातीवर लागून खाली पडली. "आरिया," तो म्हणाला. हसला की नाही ते टोपीमुळे दिसलं नाही. मी वाकून उचलली.

पुढल्या आठवड्यात यादी लागली. मला वाचता येत होतं तेवढं वाचलं, मग गोवेकराकडून दोनदा वाचून घेतलं. त्या कारखान्यात मी केस पिकेपर्यंत काम केलं.

साहेब जायच्या आधी आम्ही एकदा शेवटचे बसलो होतो. एका डावात मी दोन पानांवर टाकलं आणि डाव संपल्यावर त्याचं झाकलेलं पान बघायला हात पुढे केला. त्याने माझ्या बोटांवर चापट मारली. टाकलंस ना, मग बघायचं नाही. बघायचं असेल तर शेवटपर्यंत वायसर भरावे लागतात. हा त्या खेळाचा नियमच आहे, आणि मला अजून तो नियम सगळ्यात कडक वाटतो.

ती चीर गेलेली फळी मी सुताराकडून मागून घरी आणली होती. बायकोने दोन दिवस ती कोपऱ्यात बघितली आणि तिसऱ्या दिवशी भांड्यांच्या लोखंडी कपाटाच्या एका पायाखाली सारली, कारण तो पाय डगमगायचा. कपाट जड. आत पितळेची घागर, परात, तिच्या माहेरची सगळी भांडी. इतकी वर्षं झाली, घर बदललं, फळी अजून त्याच पायाखाली आहे. दर दिवाळीला सफाई करताना ती खाली वाकून बघते आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "खय मोडली? उगाच त्या साहेबाचो दिस फुकट घालवलात."

मी पेपर वर धरतो. कपाट कुठे आणि टॉवर कुठे, हे तिला कोणी सांगायचं.